बागेसाठी बिल्डरकडून जमीन घ्यावी की पैसे? आमच्या गावातली सुनावणी आणि बाबांचा ५० गुंठ्यांचा हिशेब

वैजू

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे पूर्वेला, ट्राय-व्हॅली म्हणतात त्या भागात. घरापासून दहा मिनिटांवर आयर्न हॉर्स ट्रेल आहे. सदर्न पॅसिफिक रेल्वेने १९७८ मध्ये सोडून दिलेल्या लोहमार्गाची ही जागा. रूळ निघाले आणि आता तिथे लोक चालतात, सायकली फिरवतात. आई-बाबा सांगलीहून एका वर्षाआड सहा महिने येतात. दोघांनाही इथे गाडी चालवता येत नाही. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला इथे घराबाहेर पडायला कारणच उरत नाही. त्या ट्रेलमुळे माझे आई-बाबा इथे सहा महिने आनंदाने राहतात, यात अतिशयोक्ती नाही. सकाळी सातला गेलं की पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी आजी-आजोबांची आख्खी पंगत बाकांवर भेटते.

आता विषयाकडे येते. ट्रेलला लागून एक जुनं ऑफिस संकुल आहे. ते पाडून तिथे १४० टाउनहोम्स येणार आहेत. पुढच्या बुधवारी पार्क्स कमिशनसमोर, म्हणजे शहराच्या बागांच्या समितीसमोर, सुनावणी आहे. बिल्डरचं म्हणणं असं की बागेसाठी जमीन देणार नाही, त्याऐवजी शुल्क भरतो. दोन संध्याकाळी बसून मी सगळी कागदपत्रं वाचली. जे समजलं ते इथे मांडते, कारण बे एरियात, म्हणजे या खाडीभोवतीच्या भागात, नवीन घर घेतलेल्या आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने घराच्या किमतीतून हे पैसे भरलेले आहेत. बहुतेकांना ते माहीतही नाही.

कॅलिफोर्नियात १९६५ पासून क्विम्बी कायदा आहे. कुणी जमिनीचे तुकडे पाडून घरं बांधणार असेल, तर शहर त्याच्याकडून बागेसाठी जमीन मागू शकतं किंवा जमिनीच्या किमतीएवढी रक्कम. प्रमाण १,००० रहिवाशांमागे ३ एकर. शहरात आधीपासूनच त्याहून जास्त बागा असतील तर ५ एकरांपर्यंत मागता येतं. बिल्डरांच्या संघटनेने वॉलनट क्रीक शहराविरुद्ध खटला भरला होता. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. वॉलनट क्रीक आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, त्या शहराने तेव्हा लढा दिला म्हणून आज आम्ही काही मागू शकतो.

हिशेब असा. घरामागे सरासरी ३ माणसं धरली तर १४० घरांत ४२० माणसं. हजारी ३ एकरांनी १.२६ एकर होतात. बाबा भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं भूकरमापक होते. त्यांच्यापुढे एकर म्हटलं की लगेच गुंठ्यांत उत्तर येतं: "म्हणजे ५० गुंठे आणि वर थोडं." दुसऱ्या दिवशी ते त्या संकुलाच्या पार्किंगमध्ये पावलं मोजत फिरून आले.

समजा तिथे एकराचा भाव ४० लाख डॉलर आहे (आकडा मी फक्त हिशेबासाठी धरलाय). १.२६ एकरांचे ५० लाख ४० हजार डॉलर होतात, म्हणजे दर घरामागे ३६,०००. रक्कम मोठी दिसते आणि शहराच्या कौन्सिललाही मोहात पाडते. पण पैसे घेतल्यावर शहराने जमीन आणायची कुठून? आमच्या भागात मोकळा एकर विकायला येतच नाही. येईल तेव्हा त्याचा भाव आजचा नसेल. म्हणून माझं मत: ५० पेक्षा जास्त घरं असली की जमीन मागायचा अधिकार शहराला आहे, तर मागावी. ५० किंवा कमी प्लॉट असतील तर कायद्याने फक्त शुल्कच मागता येतं, तिथे इलाज नाही.

दुसरी मागणी लहान आहे. नव्या वसाहतीतून ट्रेलपर्यंत थेट पायवाट हवी. आराखड्यात मध्ये भिंत आहे. भिंतीला फाटक नसेल तर तिथल्या आजीला ट्रेलवर यायला मोठ्या रस्त्याने अर्धा मैल वळसा.

तुमच्या गावांत काय होतं? कुणी असल्या सुनावणीत बोललंय का?

मोरपंखी

धागा आवडला. "म्हणजे ५० गुंठे आणि वर थोडं" वाचून माझे आजोबा आठवले. सुनावणीत नक्की बोला.

केदार_डब्लिन

एक शंका. आम्ही २०१६ ला नवीन वसाहतीत घर घेतलं. दर वर्षी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात मेलो-रूसची वेगळी ओळ असते. बागेचे पैसे आम्ही त्यातून भरतोय असं मी इतकी वर्षं समजत होतो. हे शुल्क त्याहून वेगळं का? म्हणजे दोनदा भरतोय?

वैजू

केदार, वेगळं आहे. शुल्क एकदाच, बांधकामाच्या वेळी, बिल्डर भरतो. त्यातून जमीन घेता येते, बाग बांधता येते, जुनी बाग सुधारता येते. पण त्यातून माळ्याचा पगार देता येत नाही. गवत कापणं, पाणी, दिवे, फुटलेला झोका बदलणं, यातलं काही क्विम्बीच्या पैशात बसत नाही.

मेलो-रूस हा १९८२ चा कायदा. त्याखाली खास कर बसवून रस्ते, शाळा, बागा बांधता येतात आणि बागांची देखभालही करता येते. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. पण वसाहत उभी राहण्याआधी तिथे मतदार कोण असणार? जमिनीचा मालक, म्हणजे बिल्डरच. तो मत देऊन मोकळा होतो आणि कर पुढची तीस-चाळीस वर्षं घरं घेणारे भरतात. बिल नीट बघा, काही ठिकाणी लँडस्केप आणि लायटिंगची आणखी एक ओळ असते. ती १९७२ च्या कायद्याची. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नंतर (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला नियम) ती वाढवायची तर घरमालकांची मतपत्रिका घ्यावी लागते आणि लोक बहुतेक वेळा नको म्हणतात. म्हणून काही बागा बांधल्यावर पहिली पाच वर्षं सुंदर असतात, मग हिरवळ पिवळी पडते.

देखभालीची सोय आधी ठरवल्याशिवाय बाग ताब्यात घेऊ नये, असं मला पक्कं वाटतं. मी जमिनीची मागणी करणार आहे, त्यामुळे हा प्रश्न मलाही विचारला जाणारच.

रेवती_के

मी सॅन होजेमध्ये भाड्याने राहते, वय ३१. माझी बाजू मांडते, राग मानू नका.

तुम्ही म्हणता ३६,००० डॉलर बिल्डर भरतो. तो कुठून भरणार? घराच्या किमतीत येणार किंवा घरं कमी बांधली जाणार. बागा, शाळा, वाहतूक, गटार, अग्निशमन, सगळी शुल्कं मिळून घराची वीटही लागण्याआधी लाखभर डॉलर होतात, असं आमच्याकडचा प्रत्येक बिल्डर सांगतो. थोडं वाढवून सांगत असतील, पण बरंचसं खरं आहे. शुल्काच्या नावाखाली नव्याने येणाऱ्याला दारातच अडवलं जातं.

आणि १९८५ ला घर घेतलेल्या माणसाचं काय? प्रपोझिशन १३ मुळे त्याच्या घराचं कराचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. माझ्या शेजारच्या गल्लीत दोन घरं एकसारखी, एकाचा कर दुसऱ्याच्या पाचपट. बाग दोघांना सारखीच. मग बागेचा खर्च फक्त नव्या घरांनी का उचलायचा? आई-बाबांच्या फिरण्याबद्दल मला मनापासून आनंद आहे, माझे आई-बाबाही येतात. पण ते माझ्या एका खोलीत हॉलमध्ये गादी टाकून झोपतात.

वैजू

रेवती, राग कशाला? तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले.

मूळ दुखणं तुम्ही बरोबर पकडलंय. १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ आलं, मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि शहरांचे हात आखडले. जे पैसे आधी सगळ्यांच्या करातून यायचे, ते शहरं नवीन घरांकडून मागू लागली. त्यामुळे हे शुल्क न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. दुसरा रस्ता बंद झाल्यावर उरलेला हा रस्ता आहे.

दोन गोष्टी मात्र सुधारल्या आहेत. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान जोडघराला, म्हणजे परसातल्या एडीयूला, इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाच्या परिणामासाठी घेतलं जाणारं शुल्क) लावता येत नाही. आणि २०२१ च्या कायद्यानंतर नव्या अभ्यासावर बेतलेलं शुल्क घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लावायचं असतं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी ६०० फुटांच्या घराला आणि ३,००० फुटांच्या घराला सारखंच शुल्क असायचं. लहान घरं त्यातच मरत होती.

तुमच्या युक्तिवादातून मी वेगळा निष्कर्ष काढते. पैसे महाग पडतात म्हणूनच मी जमीन मागते आहे. बिल्डरने १.२६ एकरांऐवजी अगदी पाऊण एकर दिली आणि उरलेल्या जागेवर घरं थोडी उंच बांधली, तर घरांची संख्या तीच राहू शकते. एकमजली ऑफिस पाडून दुमजली घरं आणि प्रत्येकाला दोन गाड्यांचं गॅरेज, असा आराखडा आहे. जागा गॅरेजमध्ये जाते आहे.

रेवती_के

उंच बांधायला तुमचे शेजारी तयार होतील का? आमच्याकडे तीन मजल्यांवरूनसुद्धा सभा रात्री बारापर्यंत चालल्या होत्या. तयार होत असतील तर माझा पाठिंबा तुम्हाला आहे.

अश्विनी_ओरेगॉन

वैजू, तुम्ही त्या फाटकाचं लिहिलंत, त्यावर बोलायलाच हवं. मी पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहते. शेजारच्या टिगार्ड गावात ज्या पायवाटेवरून भांडण झालं, त्याने अख्ख्या अमेरिकेचे नियम बदलले. थोडं मोठं लिहिते.

टिगार्डच्या मेन स्ट्रीटवर फ्लॉरेन्स डोलन यांचं नळ आणि विजेच्या सामानाचं दुकान होतं. प्लॉट १.६७ एकरांचा, कडेने फॅनो क्रीक हा ओढा. त्यांना दुकान जवळपास दुप्पट, १७,६०० चौरस फूट करायचं होतं आणि पार्किंगला डांबर घालायचं होतं. शहराने परवानगी दिली, पण दोन अटींवर. ओढ्याच्या पूररेषेतली जमीन सार्वजनिक हरितपट्ट्यासाठी द्या आणि तिला लागून १५ फूट रुंदीची पट्टी पायी आणि सायकलच्या वाटेसाठी द्या. मिळून प्लॉटचा साधारण दहावा हिस्सा.

शहराचा हेतू चांगला होता. डांबर वाढलं की ओढ्यात पाणी जास्त येणार, दुकान वाढलं की वाहनं वाढणार, सायकलवाटेने ती थोडी कमी होतील. शहराने आकडाही काढला होता, दुकानामुळे रोज ४३५ फेऱ्या वाढतील. चूक पुढे झाली. सायकलवाटेने त्यातल्या काही फेऱ्या कमी "होऊ शकतील", एवढंच शहराने लिहिलं. २४ जून १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल डोलन यांच्या बाजूने दिला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचं म्हणणं असं की "होऊ शकतील" आणि "होतील" यात फार अंतर आहे. शहराने जे मागितलं ते प्रकल्पाच्या परिणामाच्या साधारण प्रमाणात आहे, हे त्या त्या जागेपुरतं दाखवायला हवं. पूररेषेबद्दल त्यांचा प्रश्न असा होता की जमीन मोकळी ठेवणं समजलं, पण ती सार्वजनिक का करायची?

त्याआधी १९८७ मध्ये नोलन खटल्यात ठरलं होतं की अटीचा आणि नुकसानीचा मुळात संबंध तरी असला पाहिजे. दोन्ही मिळून आज कुठलंही शहर ट्रेलची पट्टी मागताना दोन प्रश्नांची उत्तरं देतं: संबंध काय, आणि प्रमाण किती. २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या कून्ट्झ खटल्याने हाच नियम पैशांनाही लावला.

म्हणून सांगते, सुनावणीत "फाटक असलं तर बरं" एवढ्यावर थांबू नका. ४२० रहिवाशांपैकी किती जण चालत कुठे जातील, वळसा किती फुटांचा आहे, मोठ्या रस्त्यावर सिग्नल किती, हे मोजून सांगा. शहराच्या कर्मचाऱ्यांना अहवालात "होतील" लिहिता यायला हवं.

फॅनो क्रीक ट्रेल आज तिथे आहे. मी त्यावरून जाते तेव्हा त्या १५ फुटांची आठवण येतेच.

मोरपंखी

अश्विनी, उत्तम प्रतिसाद. एका शब्दावरून शहर खटला हरलं!

सिव्हिल७९

आणखी एक जोडतो. १२ एप्रिल २०२४ चा शीट्झ निकाल. तुमच्याच राज्यातली एल डोराडो काउंटी. जॉर्ज शीट्झ यांना प्लॉटवर तयार घर आणून बसवायचं होतं, काउंटीने रस्त्यांसाठी २३,४२० डॉलर शुल्क मागितलं. काउंटीचं म्हणणं, हे शुल्क कायदेमंडळाने सगळ्यांना सारख्या तक्त्याने लावलंय, म्हणून संबंध आणि प्रमाणाची ती जुनी परीक्षा इथे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, तक्त्यातलं शुल्क असलं म्हणून सुटका नाही. मात्र एका वर्गाच्या घरांना सरसकट लावलेलं शुल्क प्रत्येक प्लॉटपुरतं वेगळं सिद्ध करायचं का, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला. त्यामुळे प्रत्येक शहराचा वकील आता तक्ते तपासत बसलाय.

मी ऑस्टिनला असतो, साइट डिझाइन करतो. इथे पार्कलँडचा, म्हणजे बागेसाठी जमीन किंवा पैसे घेण्याचा, नियम १९८५ पासून आहे. अलीकडे शहराने तो ऑफिसं आणि दुकानांनाही लावला. २०२३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने आठ लाखांहून मोठ्या शहरांसाठी कायदा करून व्यापारी इमारतींवरची वसुली बंदच केली आणि घरांवरही मर्यादा घातली. शहराने कितीही विचार करून नियम करावा, राज्याने एका अधिवेशनात पुसावा.

बिल्डरच्या बाजूनेही थोडं. मी त्यांच्यासाठी आराखडे काढतो, म्हणून माहीत आहे. त्यांना शुल्काची रक्कम फारशी सलत नाही. सलते ती अनिश्चितता. पहिल्या दिवशी सांगा, अमुक जागा बागेची, अमुक ठिकाणी वाट, मग आम्ही त्याभोवती घरं बसवतो. आराखडा पूर्ण झाल्यावर सुनावणीत एकर मागितला तर सगळं पुन्हा काढावं लागतं आणि बाग नेमकी टोकाला, उरलेल्या त्रिकोणात जाते.

बावधनकर

"उरलेल्या त्रिकोणात" हे वाचून राहवलं नाही. पुण्यातून लिहितोय.

आपल्याकडेही तत्त्व तेच आहे, फक्त पैशांऐवजी जमिनीतून. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि इतर काही भाग वगळता राज्यभर जी एकत्रित नियमावली आली तिच्यातही हे आहे. शिवाय १९९२ पासून एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात विकास शुल्काचं प्रकरण आहे, जे रेडी रेकनरच्या दराशी जोडलेलं. पण त्या शुल्कातला अमुक वाटा तुमच्या गल्लीतल्या बागेचा, असं बंधन नाही. वैजूताईंच्या हजारी ३ एकरांसारखी दर माणशी मोजणी आपल्या शुल्काला लागलीच नाही.

आमच्या लेआउटच्या १० टक्क्यांचं काय झालं ते सांगतो. प्लॉट पाडताना उताराचा, नाल्याकडचा, उच्चदाब तारांखालचा तुकडा मोकळी जागा म्हणून दाखवला. कागदावर क्षेत्रफळ बरोबर. प्रत्यक्षात तिथे मूल खेळू शकत नाही. मी आणि शेजारच्या दोन काकांनी मिळून चार वर्षं त्यात माती टाकली, कडेने बहावा आणि कडुनिंब लावले. आता सकाळी वीस-पंचवीस माणसं येतात. पण ही जागा प्लॉटधारकांची, सार्वजनिक नाही. मागच्या वस्तीतली मुलं कुंपणाबाहेर उभी राहून बघतात. फाटक उघडं ठेवायचा ठराव मी दोनदा मांडला, दोनदा पडला. तुमच्या त्या भिंतीतल्या फाटकाबद्दल वाचताना मला तीच मुलं दिसत होती.

वैजूताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. मोजणीदारांनी नकाशावर उतार दाखवला असता तर आमचा तुकडा मंजूरच झाला नसता.

दादरकर

मुंबईतली भर घालतो. इथे १९९१ च्या नियमांत मोठ्या लेआउटला मोकळ्या जागेचं प्रमाण जास्त होतं, १०,००० चौरस मीटरच्या वर २५ टक्के. पण बिल्डरांनी ती जागा पोडियमवर चढवली. खाली पार्किंगचे मजले, वर गच्चीवर कुंडीतली झाडं, आणि कागदावर "मनोरंजन मैदान". डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या नियमांखाली किमान प्रमाणातली जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्यात धरता येणार नाही. आर्किटेक्ट म्हणून मी तेव्हा दोन आराखडे बदलले आणि दोन्ही आधीपेक्षा चांगले झाले. जमिनीत मूळ धरलेलं झाड आणि पोडियमवरच्या तीन फूट मातीतलं झाड यात काय फरक असतो, ते दहा वर्षांनी जाऊन बघावं.

बाग एकदा झाली की ती टिकवायलाही न्यायालयात जावं लागतं. बंगळुरूत बागेचा भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला, रहिवासी लढले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बागेची जागा बागेचीच ठेवली. वैजू, जमीन मिळाली तर ती शहराच्या नावावर कायमची "उद्यान" म्हणून नोंदवून घ्या. वसाहतीच्या असोसिएशनकडे ठेवू नका.

केदार_डब्लिन

वर रेवतींचा मुद्दा राहून गेला असं वाटतं. ज्या जुन्या वस्तीत बागच नाही, तिथे नवीन घरं येत नाहीत, मग शुल्कही येत नाही. म्हणजे बाग नेमकी नव्या वसाहतीतच?

वैजू

होय, या पद्धतीतली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच. शुल्क नव्या माणसांमुळे वाढणाऱ्या गरजेसाठीच असतं, आधीचा अनुशेष त्यातून भरता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने थोडी वाट काढली आहे. जिथे शुल्क जमलं तिथे पुरेशा बागा असतील आणि शेजारचा भाग हजारी ३ एकरांच्या खाली असेल, तर जाहीर सुनावणी घेऊन पैसे तिकडे वापरता येतात. पण मुळात पैसेच थोडे असतील तर काय वाटणार?

अनुशेषाला सगळ्यांचाच पैसा लागतो. आमच्याकडे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे. १९३४ मध्ये, मंदीने लोक कंगाल झालेले असताना, इथल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला आणि ईस्ट बे रिजनल पार्क डिस्ट्रिक्ट उभं केलं. २००८ मध्ये, पुन्हा मंदी आलेली असताना, ५० कोटी डॉलरच्या रोख्यांना मत दिलं. आयर्न हॉर्स ट्रेल तेच डिस्ट्रिक्ट सांभाळतं. बाबा ज्या बाकावर बसतात तो कुण्या एका बिल्डरच्या शुल्कातून आलेला नाही. रेवती, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. शुल्क हवंच, पण त्यावर सगळा भार टाकणं म्हणजे जुन्यांनी हात झटकणं.

आणखी एक. आपल्या शहराने नव्या बांधकामांकडून किती इम्पॅक्ट फी जमवली, किती पडून आहे, हे तुम्ही बघू शकता. आर्थिक वर्ष संपल्यावर १८० दिवसांत शहराने त्याचा हिशेब जाहीर करायचा असतो, आणि दर पाच वर्षांनी पडून राहिलेले पैसे कशासाठी ठेवलेत ते लेखी द्यावं लागतं. शहराच्या संकेतस्थळावर "मिटिगेशन फी" शोधा किंवा सिटी क्लार्कला ईमेल करा. मला दोन दिवसांत उत्तर आलं.

रेवती_के

शोधला, सापडला. बरीच शिल्लक आहे आणि माझ्या भागापुढे एका बागेचं नाव लिहिलंय, जी मी अजून पाहिलेली नाही. पुढच्या बैठकीत जाऊन विचारणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

वैजू

काल सुनावणी झाली. लिहायला उशीर झाला, घरी यायलाच साडेअकरा झाले.

अश्विनींनी सांगितलं तसं मोजून गेले होते. रविवारी मी, बाबा आणि माझी मुलगी तिघांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. भिंतीतून फाटक असेल तर सगळ्यात लांबच्या घरापासून ट्रेल ४१० पावलं. वळशाने २,२६०, शिवाय दोन सिग्नल, त्यातल्या एकावर चालणाऱ्याला वेळ इतका कमी की आई अर्ध्यातच अडकली. बाबांनी त्याचा नकाशा काढला. कागद माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला, पण उत्तर दिशा, प्रमाण, खुणा, सगळं मोजणीच्या नकाशासारखं. उतारही दाखवलाय. बावधनकर, ते तुमच्यामुळे.

माझी तीन मिनिटं मी जमिनीवर आणि देखभालीवर खर्च केली. नकाशा कमिशनच्या सचिवांना दिला. त्यांनी तो स्क्रीनवर लावला आणि एका कमिशनरने विचारलं, हा कुणी काढला? बाबा मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांना इंग्रजी समजतं पण बोलायचं धाडस होत नाही. त्यांनी फक्त हात जोडले.

बिल्डरचा माणूस सिव्हिल७९ म्हणतात तेच बोलला: आधी सांगितलं असतं तर बसवलं असतं. खरं आहे त्याचं. शहराच्या पार्क मास्टर प्लॅनमध्ये त्या जागेवर खूणच नव्हती. ती चूक शहराची, आणि ती दुरुस्त करायची विनंतीही मी लेखी दिली आहे.

कमिशनने ४ विरुद्ध १ मतांनी शिफारस केली. पाऊण एकर जमीन शहराच्या नावावर, ट्रेलच्या बाजूला सलग, उरलेल्याचं शुल्क, आणि देखभालीसाठी वसाहतीवर वेगळा कर. ज्यांनी विरुद्ध मत दिलं त्यांचा आक्षेप त्या करावरच होता आणि मला त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं वाटत नाही. फाटकाबद्दल वाहतूक विभागाला नव्याने मोजणी करून अहवाल द्यायला सांगितलंय. शेवटचा निर्णय कौन्सिलचा, पुढच्या महिन्यात. तोवर आई-बाबा परत गेलेले असतील.

बावधनकर

नकाशा इथे टाका ना. आमच्या सोसायटीच्या सभेत दाखवतो. फाटकाचा ठराव तिसऱ्यांदा मांडतोय.

वैजू

बाबा म्हणतात आधी पक्क्या शाईने काढून देतो, पेन्सिलीचा नकाशा बाहेर पाठवायचा नसतो. शनिवारपर्यंत टाकते.